अण्णांच्या लाल फुल्या

मी रागाच्या भरात घर सोडलं त्या दिवशी माझ्या बॅगेत काय काय होतं, ते आधी सांगते. अण्णांची दोन धोतरं, घरातली इस्त्री, तीन चादरी, ओवीचा एक पायमोजा आणि पोळपाट. लाटणं घ्यायचं राहिलं होतं. लालबागहून टॅक्सी करून मी नऊ वर्षांच्या ओवीला घेऊन फणसवाडीत माहेरी पोचले, तावातावाने बॅग उघडली, आणि आई एकदा पोळपाटाकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली.

"कायमची आलीस की पोळ्या करायला आलीस?" तिने विचारलं.

मी ढसाढसा रडले. भांडण कशावरून झालं होतं? माझ्या नवऱ्याने, संदेशने, जेवताना मीठ मागितलं होतं. भाजी अळणी आहे असंही तो म्हणाला नव्हता. नुसतं "मीठ दे गं" म्हणाला होता. त्यावर मी त्याला अकरा वर्षांच्या संसाराचा हिशेब ऐकवला आणि तो संपायच्या आत जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पाळी आली. नऊ वाजता मी दोन बशा पोहे खाल्ले, पोळपाट पाहून पोट धरून हसले आणि दुपारी ओवीचा हात धरून घरी परत गेले. संदेश दारात उभा होता. "वादळ गेलं?" त्याने जपूनच विचारलं. माझे सासरे, म्हणजे अण्णा, मात्र खुशीत होते. माझ्या हातावर त्यांनी खोबऱ्याचा तुकडा ठेवला. तो कसला, हे मला नंतर कळलं.

गाऱ्हाणं

आदल्या दिवशी अमावस्या होती. मी माहेरी गेल्यावर शेजारच्या तावडेकाकू अण्णांना म्हणाल्या होत्या, "अण्णानू, बघा, अवस धरून झाला. कायतरी बाहेरचा आसा." अण्णांना ते पटलं. तिन्हीसांजेला त्यांनी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत पाट मांडला, नारळ ठेवला आणि देवाला गाऱ्हाणं घातलं. ज्यांनी मालवणी गाऱ्हाणं ऐकलं नसेल त्यांना सांगायला हवं, की ही काही मनातल्या मनात करायची प्रार्थना नव्हे. एकाने खड्या आवाजात देवाला एकेक गोष्ट सांगायची, आणि जमलेल्या सगळ्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून ओरडायचं. मजल्यावरच्या बारा बिऱ्हाडांनी ओरडून देवाला सांगितलं, की हिच्या अंगातली बाधा घालव.

आणि दुसऱ्या दिवशी मी हसत परत आले! देवाच्या दरबारात इतका झटपट निकाल लागलेला अण्णांनी जन्मात पाहिला नव्हता.

अण्णा म्हणजे गिरणीत हजेरीपट सांभाळलेला माणूस. गिरणी जाऊन जमाना झाला, माझ्या सासूबाई जाऊनही चार वर्षं झाली, पण अण्णांची नोंद ठेवायची सवय काही गेली नाही. त्या दिवसापासून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने फुल्या मारायला सुरुवात केली. ज्या दिवशी माझं डोकं फिरलेलं त्या दिवशी फुली. आधीचे पाच दिवसही त्यांनी आठवून भरून टाकले. मला वाटायचं, दुधाचे खाडे असतील. दादरच्या छापखान्यात मी लग्नपत्रिकांची प्रुफं वाचते. वधूच्या मामाच्या नावातली चूक मला हातभरावरून दिसते. स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या फुल्यांचा अर्थ मात्र मला पाच महिने दिसला नाही.

ते दिवस

ते पाच-सहा दिवस आतून कसे असतात ते सांगते, कारण बाहेरून त्यांना फक्त "चिडचिड" म्हणतात. अंग सुजल्यासारखं होई, अंगठी निघत नसे. लालबागला राहून मिरची भाजल्याचा वास नको म्हणणं म्हणजे समुद्रकाठी राहून वारा नको म्हणणं, पण त्या दिवसांत तो ठसका मला सहन व्हायचा नाही. एकदा मी खाली उतरून मसाल्याच्या दुकानदाराला "बंद करा हे!" म्हणून सुनावून आले. तो बिचारा पंचवीस वर्षं तिथे मिरची भाजतोय. छापखान्यात एका वरपित्याने चौथ्यांदा मजकूर बदलला, तेव्हा "लग्न नक्की ठरलंय ना?" असं मी त्याला तोंडावर विचारलं.

ही गमतीची बाजू झाली. दुसरी बाजू अशी, की मला माझीच भीती वाटायची. डोळ्यांसमोर मी एखाद्याला टोचून बोलतेय हे मला दिसायचं आणि तोंड थांबायचं नाही. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडायचं. संदेश विमानतळावर सामानाच्या खात्यात शिफ्टमध्ये काम करतो. तो आपण होऊन जादा शिफ्ट घ्यायला लागला. "घरी येऊन काय करू यार, तुझं कधी सटकेल सांगता येत नाय," असं तो एकदा बोलून गेला. मला ते लागलं, आणि खरं होतं म्हणून जास्त लागलं. एका दुपारी तर मनात आलं, की आपण नसलो तर ही माणसं सुखात राहतील. हा विचार मी कुणालाच सांगितला नाही. तुमच्या मनात तो आला तर माझ्यासारखं करू नका. त्याच दिवशी कुणालातरी सांगा, डॉक्टरांना गाठा.

पाळी आली की दुसऱ्या दिवशी सगळं लख्ख. इतकं लख्ख, की आदल्या दिवसाबद्दल डॉक्टरकडे काय जायचं, असंच वाटायचं.

देवाचं वेळापत्रक

दुसऱ्या महिन्यात माझा राग एकादशीला कळसाला पोचून अमावस्येच्या आतच ओसरला. अण्णा तावडेकाकूंना अभिमानाने म्हणाले, "बघ गो, आता येण्याआदीच जाता." तरी त्यांनी अमावस्येला गाऱ्हाणं घातलंच. फक्त त्या दिवशी माझी पाळी होती. आमच्याकडे त्या चार दिवसांत मी देवाला फुलं देत नाही, ओवी देते. घरात अडचण आणि गॅलरीत नारळ, हे अण्णांना पटेना. मला दाराआड बसवून त्यांनी कसंबसं उरकलं, आणि पुढच्या वेळी आधी अंदाज असावा म्हणून ज्या दिवशी फुलं ओवीच्या हातून येतील त्या दिवशी कॅलेंडरवर एक बारीक निळा गोल काढायला लागले. हा शब्द त्यांनी माझ्यासमोर कधी उच्चारला नाही. निळा गोल काढला, विषय संपला.

तिसऱ्या महिन्यात माझं डोकं अष्टमीलाच फिरलं. चौथ्या महिन्यात संकष्टीला. "उपासाचा पित्त आसात," अण्णा म्हणाले, पण फुली त्यांनी इमानदारीत मारली. त्यांना ते खटकत होतं. अमावस्या जागच्या जागी होती आणि सून मागे मागे सरकत होती.

पौर्णिमा

पाचव्या महिन्यातली ती संध्याकाळ मी विसरणार नाही. ओवी शाळेतून येऊन कॅलेंडरसमोर उभी होती, बोटाने चौकोन शोधत होती. मग उड्या मारत माझ्याकडे आली आणि चाचणीचा पेपर पुढे केला. परिसर अभ्यास, वीसपैकी अठरा.

मी म्हटलं, "दोन मार्क कुठे गेले?" आवाज चढला. अक्षर बघ, समास बघ, निष्काळजीपणा बघ. माझ्या हातातल्या कागदाचे दोन तुकडे झाले आणि ते मीच केले होते.

ओवी रडली नाही. ती गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाली, "पण आई, आज तर पौर्णिमा आहे."

मी विचारलं, "म्हणजे?"

तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. गॅलरीतली पोरं तिला चिडवत होती, "तुझ्या आईला अवस लागते." आणि माझ्या मुलीने त्यावर आपल्यापुरता उपाय शोधला होता. पेपर, शाळेची वही, फुटलेली बाटली, जे काही आईला दाखवायचं ते आधी कॅलेंडरमधली तिथी बघून दाखवायचं. अमावस्या जवळ असली की दप्तरात लपवून ठेवायचं. त्या दिवशी तिने नीट बघितलं होतं. पौर्णिमा होती. आई बरी असणार अशी तिची खात्री होती.

मला त्या क्षणी माझी लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही भीती जास्त वाटली. दोन वर्षांनी ही मला काहीच दाखवणार नाही, हे मला स्पष्ट दिसलं. अण्णा दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी आत येऊन पेपरचे दोन तुकडे उचलले, चिकटपट्टीने जोडले आणि लाल पेन्सिल घेऊन फुली मारली. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "डाक्टराक दाखव गो बाय. माझ्याच्यान ह्यां होवचा नाय."

केसपेपर

परळच्या रुग्णालयात सकाळी आठला रांगेत उभं राहून केसपेपर काढला. संदेशने सुट्टी घेतली होती, पण अण्णांनी हट्टाने त्याला ओवीपाशी ठेवलं आणि ते स्वतः आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लांबट वस्तू त्यांनी काखेत धरली होती. मला वाटलं, छत्री असेल. आमच्या बाकावर एक बाई पाळणा हलवावा तसं मांडीवरचं बाळ हलवत होती आणि एकीकडे अण्णांना विचारत होती, "बाबा, तुम्हाला काय होतंय?" स्त्रीरोग विभागाच्या बाहेर बसून अण्णा शांतपणे म्हणाले, "माका काय नाय. मी साक्षीदार आसंय."

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान असाव्यात. त्यांनी घाई केली नाही, ही मला मिळालेली पहिली मोठी भेट. मी सांगत गेले. नसलो तर बरं, हा विचारही सांगितला. त्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तो विचार कधी येतो, किती वेळ राहतो, आत्ता येतो का, ते नीट विचारलं. मग म्हणाल्या, "हे सगळं महिन्यातून कधी होतं, काही लिहून ठेवलंय? दोन-तीन महिन्यांची नोंद असेल तर फार मदत होते. कुणीच ठेवत नाही म्हणा."

मी मान हलवली. नाही. दाराजवळ उभ्या असलेल्या अण्णांनी वर्तमानपत्र सोडलं. आत आमचं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर होतं, खिळ्याच्या भोकासकट.

डॉक्टरांनी ते टेबलावर पसरलं. "हे लाल काय आहे?"

"गैरहजेरी," अण्णा म्हणाले.

"कुणाची?"

"सुनेची. त्या दिसाक ती घरात होती, पण ती न्हवती. गिरणीत असा मानूस नसलो की आम्ही फुली मारू."

पाच महिने मला वाटत होतं, की घरात माझ्याकडे सगळे एक चिडकी बाई म्हणून बघतात. ह्या माणसाने मला चिडकी लिहिलंच नव्हतं. त्याने मला गैरहजर लिहिलं होतं, म्हणजे परत येणार असं धरून चाललं होतं. मला तिथेच रडू आलं.

"आणि निळा गोल?" डॉक्टरांनी विचारलं.

अण्णा वरच्या पंख्याकडे बघायला लागले. बराच वेळ पंखा बघून झाल्यावर म्हणाले, "तां... घरातली अडचण."

डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने एकेक महिना दाखवला. लाल लाल लाल, मग निळा. लाल लाल लाल, मग निळा. निळ्यानंतर एकही लाल नाही. पहिल्या महिन्यात निळा नव्हता. तिथे पोह्यांच्या सकाळची तारीख मी सांगितली. लालच्या शेवटाला तीही चपखल बसली.

"आजोबा, तुम्ही चंद्राकडे बघत होतात," डॉक्टर म्हणाल्या. "ह्या निळ्याकडे बघा. ह्यांची पाळी सव्वीस दिवसांनी येते, अमावस्या साडेएकोणतीस दिवसांनी. एकदा दोघींची गाठ पडली, मग ह्या पुढे निघून गेल्या."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि बोटाने मोजत गेले. पाचही महिने. "असा आसा होय," ते म्हणाले. "मग देवाक मी उगाच ताटकळत ठेवलंय."

डॉक्टर हसल्या, मी हसले, आणि ते जे हसणं होतं ना, त्यात मी किती दिवसांचा जड श्वास सोडला ते माझं मलाच माहीत. याला पीएमएस म्हणतात, पाळीआधीचा त्रास, आणि माझा जरा तीव्र स्वरूपाचा, असं त्यांनी समजावलं. पुष्कळ बायकांना होतो. वेड नाही, स्वभाव नाही, बाधा तर नाहीच. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं. शिवाय दोन महिने मी स्वतः रोज लिहायचं असं ठरलं, कारण अण्णांचं कॅलेंडर बाहेरून दिसलेलं होतं, डॉक्टरांना आतून वाटलेलं हवं होतं.

परतताना अण्णांनी रुग्णालयाबाहेर मला शहाळं पाजलं. सासऱ्यांसमोर "पाळी" हा शब्द निघाला आणि आकाश काही कोसळलं नाही, ह्याचं आम्हा दोघांनाही नवल वाटत होतं.

दोन वह्या

ओवीला मी कॅलेंडर दाखवूनच सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "म्हणजे तू माझ्यामुळे ओरडत नव्हतीस?"

मी म्हटलं, "ह्या लाल दिवसांत नव्हते. बाकीच्या दिवसांत कधीकधी तुझ्यामुळेच ओरडते."

तिने थोडा विचार केला. "ते चालेल," म्हणाली.

दोन महिने मी वहीत लिहीत राहिले, अण्णा फुल्या मारत राहिले, आणि रविवारी आम्ही दोघं चहा घेत ताळा बघायचो. मजा म्हणजे एका दिवशी मी "आतून अंधार" असं लिहिलं होतं आणि अण्णांच्या कॅलेंडरवर काहीच नव्हतं. ते अस्वस्थ झाले. "त्या दिसाक तू माका घावन करून वाढलंस. हसत होतंस." मी म्हटलं, "हसत होते, अण्णा." त्यानंतर ते फुली मारण्याआधी मला विचारायला लागले, "आज कशी आसंस?" माझ्या सासरी अकरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी रोज विचारला नव्हता. औषधाच्या आधी मला बरं वाटलं ते ह्या प्रश्नाने.

औषधही घेतलं, ते लपवत नाही. महिन्यातले ठरावीक दिवस मनाच्या त्रासावरची एक गोळी. आईला फणसवाडीत कळल्यावर ती म्हणाली, "डोक्याची गोळी? अगं सवय लागेल. आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही." मी तिला विचारलं, "तुझ्या वेळी तू दर महिन्याला एकदा सगळे डबे खाली काढून घासायचीस आणि आम्हाला स्वयंपाकघरात फिरकू द्यायची नाहीस, ते काय होतं?" तिने मनातल्या मनात मोजून बघितलं. मग म्हणाली, "खरंच गं. दर महिन्याला." पहिल्या आठवड्यात मला मळमळलं, डॉक्टरांना विचारून गोळी जेवणानंतर घेतली, मग थांबलं. तुमची गोळी वेगळी असेल, कदाचित लागणारही नाही. ते डॉक्टरांनाच ठरवू दे, मजल्यावरच्यांना नको.

बाकी सगळं साधंच. सकाळी लालबागहून दादरपर्यंत चालत कामावर जाते. चहा सहावरून दोनवर आणला, ह्याबद्दल मला कुणीतरी शाल-श्रीफळ द्यायला हरकत नाही. त्या दिवसांत झोपेला हात लावू देत नाही. छापखान्यात सांगून टाकलंय, की ह्या चार-पाच दिवसांत वरपिते माझ्याकडे पाठवू नका, नुसती प्रुफं पाठवा. संदेशशी ठरलंय, की मोठी भांडणं निळ्या गोलानंतर करायची. गंमत म्हणजे निळा गोल येईतो भांडण्यासारखं काही उरतच नाही. एकदा मात्र उरलं. ते खरं भांडण होतं, त्याच्या जादा शिफ्टांवरून, आणि मी ते शांतपणे जिंकले. आता तो वेळेवर घरी येतो आणि मीठ स्वतःच्या हाताने घेतो.

सगळं गेलंय असं नाही. फुल्या अजून पडतात, पाचाच्या दोन झाल्यात. एखादा महिना वाईटही जातो. पण येणार हे माहीत असलं की माणूस खिडक्या लावून घेतो.

व्हय म्हाराजा

एक गोष्ट मात्र ना गोळीने जात होती, ना चालण्याने. गॅलरीतली पोरं ओवीला अजून चिडवत होती. देवाला बारा बिऱ्हाडांच्या साक्षीने सांगितलेलं असं कसं पुसणार? दोन अमावस्या अण्णांनी गाऱ्हाणं घातलं नाही. तावडेकाकूंनी विचारलं तर म्हणाले, "थांबलंय. पुराव्याबिगर देवाक काय सांगूचा नाय."

दोन महिन्यांची वही पूर्ण झाली, डॉक्टरांनी ती बघून निदान पक्कं केलं, आणि त्यानंतरच्या अमावस्येला तिन्हीसांजेला अण्णांनी पुन्हा गॅलरीत पाट मांडला. नारळ ठेवला. मला म्हणाले, "भायर ये. दाराआड नको." मजला जमला. ओवी माझ्या पदराला धरून उभी होती. अण्णांनी हात जोडले आणि गिरणीच्या भोंग्याशी स्पर्धा केलेल्या त्या गळ्यातून आवाज काढला.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वाटेच्या देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गेल्या उन्हाळ्यापासना तुका नारळ दिलो आणि सुनेची बाधा घालव म्हणान सांगलंय, तो माझो अर्ज चुकीचो होतो रे म्हाराजा!"

लोक एकमेकांकडे बघायला लागले, पण सवयीने ओरडले, "व्हय म्हाराजा!"

"बिचाऱ्या अवसेचो ह्यात कायएक दोष नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या सुनेक बाधा नाय, भूत नाय, कोणाची नजर नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अण्णांनी एक श्वास घेतला. त्यांचे कान लाल झालेले मला दिसत होते. सत्तरी ओलांडलेला, ज्याने हा शब्द सबंध आयुष्यात एका निळ्या गोलात लपवला, तो माणूस सगळ्या मजल्यासमोर म्हणाला, "तिका दुखणा आसा. बायकांच्या पाळीच्या आदी येता तां दुखणा. ह्या मजल्यावर आणखीन कोणाक असात तर तिनाय अंगावर काढू नये, डाक्टराक दाखवचा, रे म्हाराजा!"

सगळी गॅलरी चिडीचूप. पुरुष कठड्याबाहेर बघायला लागले. तावडेकाकूंचा हात तोंडावर गेला. कुणी म्हणजे कुणीच ओरडेना. अण्णा हात जोडून, डोळे मिटून तसेच उभे होते. देवाचं वाक्य अर्धवट लोंबकळत होतं.

माझा पदर सुटला. ओवी दोन पावलं पुढे गेली आणि घशाच्या शिरा ताणून ओरडली, "व्हय म्हाराजा!"

मग तावडेकाकूंनी तोंडावरचा हात काढला. "व्हय म्हाराजा!" मग त्यांची सून. मग टोकाच्या खोलीतल्या दोघी बहिणी. आणि शेवटी संदेश, सगळ्यात मोठ्याने, इतका मोठ्याने की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायला आले.

"आणि ह्याच्याफुडे ह्या चेडवाक कोणी चिडवल्यान," अण्णा म्हणाले, "तर तेका तू बरी बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरंही ओरडली, खाली मान घालून. खोबरं वाटताना तावडेकाकू माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "ती डाक्टरीण बुधवारी असता का गो?"

वीसपैकी नऊ

मागच्या आठवड्यात ओवी शाळेतून आली. दप्तर टाकलं आणि सरळ माझ्यासमोर पेपर धरला. गणित, वीसपैकी नऊ.

कॅलेंडर तिच्या पाठीमागे होतं. तिने वळून बघितलं नाही.

मी ओरडले. अर्थातच ओरडले, वीसपैकी नऊ म्हणजे काय! तीनदा सांगितलेलं भागाकाराचं तंत्र, टीव्ही, खेळ, सगळं काढलं. ओवी हाताची घडी घालून उभी राहिली, माझं बोलणं संपेपर्यंत. मग आत बघून तिने हाक मारली, "आजोबा, आज फुली नका मारू हं! आज आई हजर आहे."